मेळघाटाला वळसा घालूनच ब्रॉडगेज न्या

गोरिलांवरचं संकट म्हटलं की आधी शिकारी आठवतो. पण नायजेरिया-कॅमेरून सीमेवरच्या क्रॉस रिव्हर गोरिलाला जंगलाचे तुकडे होणंही तितकंच भोवलं. आता जेमतेम 300 उरलेत, तेही वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले. आपल्या अचलपूर-परतवाड्याच्या उत्तरेला पसरलेल्या मेळघाटाबाबत मला हीच भीती वाटते. अकोला-खंडवा लोहमार्गाचा जवळपास 40 किमी पट्टा या व्याघ्र प्रकल्पातून, वान अभयारण्य कापत जातो. मीटरगेज गाड्या 2017 च्या सुरुवातीला थांबल्या. ब्रॉडगेजही त्याच वाटेने न्यावी, हा आग्रह मला पटत नाही.

"रूळ तर पन्नासेक वर्षं होतेच, वाघ कुठं संपले?" असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण तुलना चुकते. धूळघाटाच्या चक्री वळणावरून रखडत जाणाऱ्या मोजक्या गाड्या वेगळ्या आणि रात्रंदिवस धावणाऱ्या वेगवान मालगाड्या वेगळ्या. त्यासाठी चढ कमी करायचा, म्हणजे डोंगर कापणं, भराव, बोगदे आलेच. शिवाय याच प्रकल्पातली गावं वाघांसाठी बाहेर हलवली. माणसांना उठवून तिथूनच रेल्वे न्यायची, हा कुठला न्याय? वळशाने अंतर आणि खर्च वाढेल, हे खरंच. मात्र हिवरखेड-सोनाळा-जामोदकडून मार्ग गेला तर रेल्वेच न पाहिलेल्या गावांना ती मिळेल. जंगलातल्या स्थानकांवर चढणार कोण? 2021 मध्ये राज्य सरकारनेही केंद्राकडे मार्ग बदलण्याचीच मागणी केली होती.