अंबरनाथच्या दगडात गुंतलेला पैसा

शीळफाटा म्हटलं की ठाणे-डोंबिवलीकरांना आधी आठवते ती वाहतूककोंडी. पण याच रस्त्याने कल्याणकडे निघालं की खिडकाळीचं जुनं शिवमंदिर आणि त्याचं तळं लागतं. पुढे काटई नाक्याला उजवीकडे वळून नेवाळीमार्गे गेलं, की वालधुनी नदीच्या काठावर अंबरनाथचं शिवमंदिर. कारखाने, चाळी आणि नवे टॉवर यांच्या मधोमध हजार वर्षांच्या घरातली ही वास्तू उभी आहे.

तिचं बांधकाम काळ्या बेसॉल्टचं, शैली भूमिज. शिखरावर उभे पट्टे आणि त्यांत एकावर एक रचलेली छोटी शिखरं. बाह्य भिंत सरळ नाही. कोन काढत ती आतबाहेर होते, त्यामुळे प्रत्येक कंगोऱ्यावर मूर्तीला जागा मिळाली आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं. शिखराचा वरचा भाग उरलेला नाही, म्हणून पिंडीजवळ उभं राहून मान वर केली की थेट आकाश दिसतं.

या मंदिरावरचा एक जुना सरकारी खर्च आवर्जून आठवावा असा आहे. १८६८ साली मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख टेरी यांच्यासोबत नकाशे काढणारे आणि साचे घेणारे कारागीर इथे पाठवण्यात आले. त्यांनी शिल्पांचे साचे घेतले, आराखडे काढले. ही रेखाटनं पुढे ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापली गेली. ती कलाशाळा तरी कशी उभी राहिली? जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, १८५७ साली. देणगी शिक्षणासाठी होती. तिचं फळ अकरा वर्षांत अंबरनाथलाही मिळालं.

मंदिराच्या उत्तर दरवाजावर एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असं दाखवून दिलं. एका आकड्याने मंदिराचं वय दोनशे वर्षांनी कमी झालं आणि ते शिलाहार राजा माम्वाणीच्या काळाशी पक्कं जोडलं गेलं. अशी दुरुस्ती शक्य होते ती मूळ लेख आणि त्याच्या नोंदी शाबूत असल्या तरच. वारशावरच्या खर्चात नोंदींवरचा पैसा सर्वांत स्वस्त पडतो आणि सर्वांत जास्त काळ टिकतो, पण अंदाजपत्रकात त्याचीच आठवण शेवटी होते.

त्याच भाऊ दाजींचं नाव लावणारं भायखळ्याचं संग्रहालय हे वारशावरच्या खर्चाचं अलीकडचं उदाहरण. मुंबई महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला, त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. इमारत वाचलीच, पण रंगीत छत आणि जुनं लाकूडकाम हाताळताना कामाला लागलेल्या हातांमध्ये नवं कसबही आलं. असे हात तयार असले की पुढच्या वाड्याला, पुढच्या देवळाला माणसं शोधत फिरावं लागत नाही.

अंबरनाथच्या परिसरासाठी आता राज्य सरकारने सुमारे १४० कोटींची योजना हाती घेतली आहे. घाट, वाहनतळ, प्रदर्शन केंद्र असं बरंच काही त्यात आहे. महाशिवरात्रीला लोटणारी गर्दी पाहिली की त्याची गरज पटते. बेल-फुलं, नारळ विकणाऱ्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत अनेकांचा रोजगार या देवळाभोवती फिरतो. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे. दाट वस्तीच्या या गावात एवढी मोकळी जागा राखली जाते, हाही लोकांचाच लाभ.

तरी खरी कसोटी वालधुनीची. कारखान्यांचं रसायन आणि वस्तीचं सांडपाणी पोटात घेऊन ही नदी देवळाजवळून वाहते, पुढे उल्हासनगर-कल्याणमार्गे उल्हास नदीला मिळते. घाट कितीही देखणा बांधला तरी पाण्याला वास येत असेल तर तिथे कोण बसणार? त्यामुळे सांडपाणी वळवण्याचं काम आणि शिल्पांची नियमित तपासणी यांसाठी दरवर्षीची वेगळी तरतूद हवी. ती उद्घाटनाच्या फलकावर दिसणार नाही. पण दगडाची झीज वेळेत ध्यानात आली तर दुरुस्ती थोडक्यात आटोपते आणि नदी सुधारली तर कल्याणपर्यंतच्या काठावरच्या वस्त्यांनाही तिचा उपयोग होतो, देवळात कधी पाऊल न ठेवलेल्यांनाही.