पूरग्रस्त मोटारगाडीतील विद्युत् दोष

पुराच्या अथवा भरतीच्या पाण्यात काही काळ बुडून राहिलेल्या आणि नंतर दुरुस्त करून वापरात किंवा विक्रीस आणलेल्या मोटारगाडीच्या विद्युत् यंत्रणेत उद्‌भवणारे बिघाड. अपघातात धडक बसलेल्या गाडीतील विद्युत् दोष बहुधा आघाताच्या जागेपाशीच सापडतात. पाण्यात बुडालेल्या गाडीतील दोष मात्र गाडीभर विखुरलेले असतात, ते एकाच वेळी प्रकट होत नाहीत आणि वरवर कोरड्या दिसणाऱ्या भागांत दडून राहतात. त्यामुळे ते शोधण्याची पद्धतही काहीशी वेगळी आहे.

कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक आहे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या थोडेच अंतर कापून समुद्राला मिळतात. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो आणि त्याच वेळी खाडीला भरती असल्यास पाणी शहरांत तुंबते. चिपळूण येथे वाशिष्ठी व शिव, खेड येथे जगबुडी आणि राजापूर येथे अर्जुना व कोदवली या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि त्यानंतर २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला व रस्त्यांवर, घरांच्या तळमजल्यांवर आणि विक्रीकेंद्रांत उभी असलेली वाहने मोठ्या संख्येने बुडाली.

अशा वाहनांच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर वाहन संपूर्ण हानी झालेले मानून विमेदार भरपाई देतो व ते वाहन मोडीच्या भावाने विकले जाते. यांपैकी सर्वच गाड्या मोडीत निघत नाहीत. काही धुऊन-पुसून, आसनांची कापडे बदलून, जेथे पुराची वार्ता कोणाच्या लक्षात नाही अशा दूरच्या गावी विकल्या जातात. ग्राहकाला गाडी चालवून पाहताना काहीही वावगे आढळत नाही. बिघाड सुरू होतात ते पुढच्या पावसाळ्यात.

कारणमीमांसा : मोटारगाडीत बॅटरीच्या धन अग्रापासून निघालेला विद्युत् प्रवाह वितळतार, म्हणजेच फ्यूज, स्विच व रिले यांमधून दिव्यापर्यंत किंवा चलित्रापर्यंत तारेने जातो. परतीचा मार्ग मात्र बहुतांशी तारेचा नसून गाडीच्या पोलादी सांगाड्याचा असतो. तार सांगाड्याला ज्या बोल्टाने जोडलेली असते, त्या जोडाला कारखान्यात ‘अर्थ’ म्हणतात. हे जोड गाडीच्या फरशीवर, आसनांखाली, पायांजवळच्या बाजूंना व इंजिनाच्या कप्प्यात तळाशी असतात. पाणी प्रथम पोहोचते ते नेमके येथेच.

पाण्यात बुडताना बॅटरी जोडलेली असेल, तर क्षारयुक्त पाण्यातून विद्युत् विच्छेदनाची क्रिया सुरू होते. धन अग्राशी जोडलेल्या पिना विरघळू लागतात व त्यांवर तांब्याच्या लवणांचा हिरवट थर चढतो. नुसत्या गंजण्याला आठवडे लागतात, पण या क्रियेने काही तासांतच पीन झिजू शकते. म्हणून पाणी चढण्यापूर्वी, शक्य असल्यास, बॅटरीचे ऋण अग्र सोडवून ठेवणे हा एकच उपाय पुढची बरीच हानी टाळतो. पाणी ओसरल्यावर गाडी ‘सुरू होते का ते पाहावे’ म्हणून चावी फिरविण्याचा मोह होतो. तो इंजिनाला जितका घातक, तितकाच विद्युत् यंत्रणेलाही घातक आहे.

दुसरे कारण केशाकर्षणाचे. गाडीतील तार एकसंध नसून अनेक बारीक तंतूंची पिळलेली असते. तिचे उघडे टोक पाण्यात राहिले, तर तंतूंमधील पोकळ्यांतून पाणी आवरणाच्या आत वर चढते. परिणामी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीतही त्याहून उंचावरील जोडपेटी ओलसर सापडते. बाहेरून तारेचे आवरण निर्दोष दिसते, परंतु ते सोलल्यास आतील तांबे काळे पडलेले आढळते.

तिसरे कारण पाणी वाळल्यानंतरचे आहे व कोकणच्या हवेत ते सर्वांत महत्त्वाचे ठरते. पाण्याबरोबर आलेला गाळ व लवणे जोडपेट्यांत साचून राहतात. मीठ सु. ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतील बाष्प शोषून स्वतः द्रवरूप होते आणि समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियमाची लवणे त्याहून कमी आर्द्रतेतही ओल धरतात. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये निर्दोष चालणाऱ्या गाडीत जून लागताच दिवे मंदावणे, काचा आपोआप खाली येणे, भोंगा वाजत राहणे असे प्रकार होतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते नाहीसेही होतात. ‘गाडी आपोआप बरी झाली’ असे मालक म्हणतो. प्रत्यक्षात तेथील धातू प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा खाल्ला जात असतो. याच कारणास्तव बुडालेल्या जोडपेट्या आधी स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन मग वाळविणे आवश्यक आहे. ओल्या वस्तूला पुन्हा पाणी लावण्यास लोक कचरतात, परंतु मीठ आत ठेवून केलेले वाळविणे निरुपयोगी असते.

दोषशोधन : कोणत्याही शोधाचा आरंभ बॅटरीपासून करतात. १२ व्होल्टची शिसे-अम्ल बॅटरी पूर्ण भारित व विसावलेली असता सु. १२·६ व्होल्ट दाखविते. १२·२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी झालेली असते. इंजिन चालू असता हा दाब सामान्यतः १३·८ ते १४·५ व्होल्टच्या दरम्यान असावा. तो याहून कमी असेल, तर प्रत्यावर्तक, त्याचा पट्टा वा त्याच्या तारा तपासतात. दुबळ्या बॅटरीवर चालणारे नियंत्रक संगणक परस्परांशी संबंध नसलेले अनेक दोष दाखवितात, म्हणून ही पायरी गाळून पुढे गेल्यास शोध भरकटतो.

यानंतर बहुतेक कारखान्यांत मल्टिमीटर लावून तार ‘सलग’ आहे की नाही ते पाहिले जाते. पूरग्रस्त गाडीत ही कसोटी फसवी आहे. तारेच्या अनेक तंतूंपैकी एकच शाबूत राहिला, तरी मल्टिमीटरमधून जाणारा अत्यल्प प्रवाह त्यातून सहज वाहतो व तार निर्दोष ठरते. दिव्याचा ५ अँपिअर प्रवाह मात्र तिला पेलवत नाही. म्हणून मंडल चालू ठेवून, म्हणजे दिवा लावून किंवा चलित्र फिरवून, मार्गात विद्युत् दाब कोठे व किती खर्च होतो हे मोजणे ही खरी पद्धत होय. मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण अग्रावर व दुसरी दिव्याच्या अर्थ जोडावर टेकविली असता ०·१ ते ०·२ व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसू नये. दिसल्यास दोष परतीच्या मार्गात आहे. धन बाजूकडेही याचप्रमाणे एकेक जोड ओलांडत गेल्यास दोषाची जागा निश्चित होते.

क्षुल्लक वाटणाऱ्या रोधाचा परिणाम किती होतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ६० वॉटच्या दिव्याचा उजळलेल्या स्थितीतील रोध २·४ ओहम असतो. गंजलेल्या अर्थ जोडामुळे मार्गात केवळ ०·४ ओहमची भर पडली, तर प्रवाह ५ ऐवजी सु. ४·३ अँपिअर होतो व दिव्याला १२ ऐवजी १०·३ व्होल्ट मिळतात. तंतुदिव्याचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटत असल्याने तो सु. ४० टक्क्यांनी कमी होतो. आरंभक चलित्राची, म्हणजे बोलीतील ‘सेल्फ’ची, गोष्ट याहून निकराची आहे. त्याला १५० अँपिअर लागत असतील, तर ०·०२ ओहमचा रोधही ३ व्होल्ट खाऊन टाकतो व इंजिन फिरत नाही. अशा वेळी नवी बॅटरी, मग नवा सेल्फ अशी खरेदी होत राहते. दोष मात्र इंजिनापासून सांगाड्याकडे येणाऱ्या जाड पट्टीच्या बोल्टाखाली असतो आणि तो पॉलिशच्या कागदाने घासून, घट्ट करून, वर ग्रीस लावल्याने दूर होतो.

अर्थ जोड खराब असल्याची एक खूण मोजमापावाचूनही ओळखता येते. ब्रेक दाबताच मागचे दिवे मंदावतात किंवा वळणदर्शक दिव्याबरोबर इतर दिवेही लुकलुकतात. परतीचा मार्ग अडल्याने प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूतून वाट काढतो, म्हणून असे होते.

गाडी दोन-चार दिवस उभी राहिल्यास बॅटरी उतरते, ही दुसरी नेहमीची तक्रार. ऋण अग्राच्या मार्गात अँपिअरमापक जोडून व गाडी कुलूपबंद करून सु. अर्धा तास थांबल्यावर, सर्व नियंत्रक निद्रावस्थेत गेले असता, गळती साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. ओलसर जोडपेटीमुळे ती ०·५ अँपिअर झाल्यास ४० अँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आत, रिकामी होते. दोषी मंडल शोधण्यासाठी एकेक फ्यूज उपटून पाहण्याची रीत आहे, परंतु त्यामुळे नियंत्रक पुन्हा जागे होतात. फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजणे अधिक सोयीचे. वारंवार जाणाऱ्या फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळणे हा प्रकार रूढ असला, तरी तो गाडीला आग लावण्याचा मार्ग आहे.

आधुनिक गाडीत नियंत्रक परस्परांशी बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीने, पिळलेल्या दोन तारांवरून, संदेशांची देवघेव करतात. या जोडतारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, त्यामुळे बॅटरी सोडविल्यावर दोन तारांमधील रोध सु. ६० ओहम भरतो. तो १२० भरल्यास एका टोकाचा संबंध तुटलेला आहे. शून्याजवळ आल्यास दोन्ही तारा परस्परांना चिकटल्या आहेत किंवा एखाद्या जोडपेटीत पाणी आहे, असे समजावे. भारतात २०१० पासून गाड्यांत टप्प्याटप्प्याने आलेल्या आत्मनिदान यंत्रणेतून मिळणारे संकेतांक उपयुक्त असले, तरी ते दोष कोणत्या मंडलात आहे एवढेच सांगतात. संकेतांकात ज्या संवेदकाचे नाव येते तोच बदलणे ही सर्रास होणारी व महागडी चूक आहे. पूरग्रस्त गाडीत त्या संवेदकाकडे जाणारी तार व जोडपेटी आधी तपासावी.

खरेदीपूर्व तपासणी : आसनांखालील रुळांवरील गंज, गालिच्याखालची ओल, दिव्यांच्या काचेआतील गाळाची रेषा आणि पूर्ण ओढून पाहिलेल्या आसनपट्ट्यावरील मातकट डाग या खुणा धुण्याने सहसा जात नाहीत. फ्यूजपेटीचे झाकण काढून पिनांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी आहे का ते पाहावे. तारांचा जुडगा उंदरांनी कुरतडला असेल, तर त्याच्या खुणा वेगळ्या दिसतात. त्यात गाळ नसतो. विमेदाराकडील दाव्यांचा इतिहास विक्रेत्याकडून मागून घ्यावा. नोंदणी रत्नागिरीची, म्हणजे एमएच-०८ ची, आहे एवढ्यावरून गाडीवर संशय घेणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण पूर मुंबई, सांगली व कोल्हापूर येथेही येऊन गेले आहेत.

हवापिशवीची यंत्रणा इतर मंडलांपासून वेगळी धरावी लागते. चालकासमोरील हवापिशवी भारतात जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. तिचा नियंत्रक पुष्कळ गाड्यांत मधल्या बोगद्यावर, फरशीलगतच असतो. चावी फिरविताच तिचा सूचक दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो सतत लागून राहिला, तर दोष उघड आहे. तो मुळीच लागत नसेल, तर तो काढून टाकलेला किंवा दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडलेला असण्याचा संभव असतो. या मंडलावर मल्टिमीटर अथवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये, कारण तेवढ्या प्रवाहाने स्फोटक पेटू शकते. बॅटरी सोडवून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबूनच तिच्या जोडपेट्यांना हात लावतात. पाण्यात बुडालेला नियंत्रक वाळवून पुन्हा बसविला जात नाही, तो बदलतात.