जाळीच्या घरातला शॅमेलिऑन

पाळीव शॅमेलिऑनच्या प्रकृतीचे अनेक प्रश्न त्याच्या पिंजऱ्यातील हवेशी आणि पाण्याशी जोडलेले असतात, आणि म्हणूनच पिंजऱ्याची निवड हा या छंदातील सर्वांत गंभीर निर्णय ठरतो.

कायद्याची बाजू आधी सांगणे आवश्यक आहे. भारतात निसर्गतः आढळणारी शॅमेलिऑनची एकमेव जात, म्हणजेच महाराष्ट्रातील घोयरा सरडा, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून ती पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. जखमी घोयरा आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे एवढेच योग्य. घरात ठेवण्याचा विचार होऊ शकतो तो येमेन व सौदी अरेबियातून आलेल्या व्हेल्ड शॅमेलिऑनसारख्या परदेशी जातींचा, आणि वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ही जात असल्याने २०२४ च्या नियमांनुसार तिची 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते.

पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड नरासाठी ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच ही जागा किमान मानली जाते. यात उंचीला विशेष महत्त्व आहे, कारण ज्याच्या पायाची बोटे दोन-दोन आणि तीन-तीनच्या जुडग्यांत जुळून फांदी पकडण्यासाठीच घडली आहेत, तो प्राणी पाहणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा वर बसल्यावरच निर्धास्त होतो. साहजिकच पिंजरा जमिनीवर न ठेवता मजबूत टेबलावर, पंख्याच्या झोतापासून दूर, खोलीच्या कोपऱ्यात ठेवावा. एका पिंजऱ्यात एकच प्राणी, हा नियम निरपवाद आहे, आणि त्याचे कारण त्याच्या रंगबदलात आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की पँथर शॅमेलिऑनचा रंग केवळ रंगद्रव्यांनी नव्हे, तर त्वचेतील ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्यामुळे पालटतो. हा पालट मुख्यतः प्रतिस्पर्ध्याला वा जोडीदाराला दिलेला संकेत असल्याने दुसरा शॅमेलिऑन, किंवा काचेतले स्वतःचे प्रतिबिंबसुद्धा, सतत समोर असणे हा त्याच्यासाठी अखंड चाललेला संघर्ष ठरतो.

काच की जाळी, हा वाद युरोपातील थंड घरांत एका प्रकारे सुटतो आणि नाशिकच्या अंबडमध्ये दुसऱ्या प्रकारे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो, एप्रिल-मेमध्ये ४० च्या आसपास जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. बंद काचपेटीत पावसाळ्यातील हवा कोंडून बुरशी धरते, तर चारी बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यातून उन्हाळ्यात ओलावा पाहता पाहता निघून जातो. त्यामुळे मागची व दोन्ही बाजूंची भिंत प्लॅस्टिकच्या पत्र्याने झाकलेली, पुढचा दरवाजा व छत जाळीचे, अशी मिश्र रचनाच येथे सर्वांत समंजस म्हणावी लागेल, आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात अ‍ॅल्युमिनियमची चौकट मापाने करून घेणे अवघडही नाही. जाळी मात्र प्लॅस्टिकचा थर दिलेली असावी. उघड्या गॅल्व्हनाइज्ड तारेवर नखे दुखावतात आणि नायलॉनची मच्छरदाणी खाद्य म्हणून सोडलेले नाकतोडे कुरतडतात.

खरी कसोटी पाण्याची आहे. शॅमेलिऑन वाटीतल्या स्थिर पाण्याकडे सहसा वळत नाही. पानावरून ओघळणारा थेंब चमकला की तो चाटतो, म्हणून पिंजऱ्यात जास्वंद, मनी प्लांट, शेफलेरा अशी जिवंत झाडे आणि त्यांच्यावर थेंब सोडणारी व्यवस्था हवी. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात ठिबक सिंचनाचे ड्रिपर आणि फॉगर कोणत्याही शेती-साहित्याच्या दुकानात मिळतात, आणि औषधाच्या दुकानातील सलाईनचा नवा संचही हे काम उत्तम करतो. फक्त बोअरचे जड पाणी वापरल्यास क्षारांनी तोटी तुंबते. दिवसा ४० ते ६० टक्के आणि रात्री त्याहून बरीच अधिक आर्द्रता, असा चढउतार या प्राण्याला मानवतो, परंतु रात्रीचे धुके थंड हवेतच द्यावे, कारण उबदार, साचलेल्या हवेतील ओलावा फुप्फुसांच्या संसर्गाला निमंत्रण देतो. यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खोली १५ अंशांखाली जाऊ न देता रात्री धुके देता येते, तर मे महिन्यात दिवे लागण्यापूर्वी व मालवल्यानंतर थोडे तुषार पुरेत. पाणी पुरते आहे की नाही हे विष्ठेसोबतचा युरेटचा, म्हणजे घट्ट मूत्राचा, भाग सांगतो: तो पांढरा असावा, गडद पिवळा किंवा नारिंगी नव्हे.

प्रकाशाविषयी थोडक्यात सांगायचे तर खिडकीची काच यूव्हीबी किरणे अडवते, आणि त्यांच्याविना त्वचेत ड जीवनसत्त्व तयार न झाल्याने हाडे मऊ पडतात. म्हणून छतावर टी-५ प्रकारची यूव्हीबी नळी रोज १२ तास लावावी व ती साधारण वर्षाने बदलावी. उबेचा दिवा जाळीच्या बाहेर, सर्वांत वरच्या फांदीपासून किमान २० सेंटिमीटर अंतरावर असावा, नाहीतर नराचा उंच शिरोभाग भाजतो. त्या फांदीवर २९ ते ३२ अंश तापमान पुरते. मादीसाठी ओलसर वाळू-मातीचे सुमारे ३० सेंटिमीटर खोल भांडे अनिवार्य आहे, कारण नराशी मीलन न होताही ती अंडी घालते.

प्राणी आणण्यापूर्वी किमान आठवडाभर रिकामा पिंजरा दिवे, झाडे आणि पाण्यासह चालवून पाहावा, वर आणि खाली असे दोन तापमापक व एक आर्द्रतामापक लावून पहाटे, दुपारी आणि दिवे मालवल्यावरची नोंद ठेवावी, आणि आकडे जमत नसतील तर झाकलेल्या बाजू, झाडांची दाटी व तुषारांच्या वेळा यांत बदल करून पुन्हा आठवडाभर थांबावे.