वाफ देऊन धाप थांबली, मग मूल पुन्हा इमर्जन्सीत का येतं?

निफाडचा पारा घसरला की नाशिकमध्ये दमा असलेल्या मुलांचा त्रासही वाढू शकतो. रात्री धाप लागते, इमर्जन्सीत वाफ देतात, मूल शांत झोपतं. पण नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामोल आवळलेल्या श्वासनलिका साधारण 4 ते 6 तासच मोकळ्या ठेवतं. आतली सूज तशीच राहते. ती कमी करण्यासाठी डॉक्टर रोजचा स्टेरॉइड इन्हेलर देतात. बरं वाटलं म्हणून किंवा 'सवय लागेल' या भीतीने तो मध्येच बंद केला, की पुन्हा तीच धावपळ. इन्हेलरचं व्यसन लागत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो थांबवू नका. मुलाला बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळे पडले असतील, तर लगेच 108 लावा.