हवाई छत्रीची निवड आणि निगा

४ फेब्रुवारी १९१२ रोजीं फ्रान्झ रायखेल्ट नांवाच्या शिंप्यानें स्वतः शिवलेली छत्री अंगावर चढवून पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी घेतली. छत्री नीट उघडली नाहीं, आणि तो गतप्राण झाला. धाडसाला भरंवशाच्या साधनाची जोड नसली तर काय होतें, याचें हें उदाहरण.

आज हौसेनें विमानांतून उडी घेणाराच्या पाठीवर दोन छत्र्या असतात: एक मुख्य, दुसरी राखीव. छत्रीची निवड रंगावरून नव्हे, वजनावरून करावयाची. साहित्यासह माणसाचें वजन पौंडांत घेऊन त्यास छत्रीच्या चौरस फुटांनीं भागावें. नवशिक्यासाठीं हा भागाकार सामान्यतः एकाच्या वर जाऊं नये. म्हणजे १८० पौंडांस निदान १८० चौरस फूट. छत्री जितकी लहान, तितकी ती वेगानें उतरते आणि चूक पोटांत घालीत नाहीं.

कापड नायलॉनचें असतें. ऊन त्याचा शत्रू. म्हणून छत्री सावलींत, कोरड्या जागीं ठेवावी. झिजलेल्या दोऱ्या वेळींच बदलाव्या. मुख्य छत्रीची घडी धनी स्वतः घालूं शकतो. राखीव छत्री मात्र अमेरिकेंतील नियमाप्रमाणें उडीपूर्वीच्या १८० दिवसांत परवानाधारक कारागिरानेंच तपासून बांधलेली असावी लागते.

जी वापरलीच नाहीं, ती पुन्हा कशाला बांधावयाची, असें श्रोत्यांस वाटेल. पण बंद पिशवींतील ओल किंवा झीज बाहेरून दिसत नाहीं, आणि त्या छत्रीमागें तिसरी नसते. रायखेल्टपाशीं दुसरी छत्रीच नव्हती. ज्याच्यापाशीं आहे, त्यानें तिच्या तपासणीची तारीख पाहूनच विमानांत पाऊल ठेवावें.