लकव्यानंतर विसरभोळेपणा : अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया कितपत कामाच्या?

आजोबा लकव्यातून उठले. हात हलू लागला, काठी टेकत संडासापर्यंत जाऊ लागले. शेजारीपाजारी म्हणाले, "वाचले बिचारे." पण घरच्यांना वेगळंच दिसत होतं. शंभराची नोट देऊन दूध आणायला पाठवलं, तर परत किती पैसे घ्यायचे ते कळेना. सकाळची गोळी घेतली की नाही, आठवेना. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची आणि "मला भाजीच वाढली नाही" म्हणून सुनेवर ओरडायचे. कुणी म्हणालं, म्हातारा नाटकं करतो. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी आहे, भगताला दाखवा.

दोन्ही चूक. हा मेंदूला झालेल्या जखमेचा परिणाम आहे.

मेंदूत काय होतं?

लकवा म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटणं. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी नळी बंद करते, काही वेळा नळी फुटून रक्तस्राव होतो. ज्या भागाला रक्त मिळत नाही, त्या भागाचं काम थांबतं. तो भाग हातापायाचा असेल तर अंग लुळं पडतं. आठवण, लक्ष, हिशेब, निर्णय यांचा असेल तर विचार करण्यात अडचण येते. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर माणसाला डोळे चांगले असूनही डावीकडचं जगच जाणवत नाही. आजोबांची भाजी म्हणूनच ताटात राहत होती. ताट थोडं उजवीकडे सरकवलं, "डावीकडे बघा" अशी आठवण दिली, तर तेच आजोबा भाजी संपवतात.

लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत साधारण तिघांपैकी एकाला असा त्रास होतो. पण लुळा हात सगळ्यांना दिसतो, विसरभोळेपणा दिसत नाही. म्हणून तो डॉक्टरांना सांगायचाच राहून जातो.

सुयांची गोष्ट

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनची जुनी उपचारपद्धती. केसासारख्या बारीक सुया ठरावीक जागी टोचतात आणि वीस-तीस मिनिटं ठेवतात. तिच्या भारतातल्या प्रवासाला सोलापूरच्या माणसाचा धागा आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धग्रस्त चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात तिचा वापर सुरू केला. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. मात्र मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येक आजारावर ती लागू पडते असं सिद्ध झालं, असा अर्थ नाही.

लकव्यानंतरच्या विसरभोळेपणासाठी सुया मुख्यतः डोक्यावर टोचतात : टाळूच्या मध्यभागी, तिच्या चारही बाजूंना आणि कपाळाच्या वर केसांच्या रेषेजवळ. काही ठिकाणी सुयांना अगदी सौम्य वीजप्रवाह जोडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत यामुळे मेंदूतला रक्तप्रवाह सुधारल्याचं आणि सूज कमी झाल्याचं दिसलं आहे. माणसांवरचे बहुतेक अभ्यास चीनमधले आहेत. नेहमीच्या उपचारांसोबत सुया घेतलेल्या रुग्णांना स्मरणशक्तीच्या चाचणीत थोडे जास्त गुण मिळाले, असं त्यातल्या अनेकांत आढळलं.

मग अडचण कुठे आहे? पहिले काही महिने मेंदू स्वतःच सावरत असतो. त्यामुळे सुधारणा सुयांची की काळाची, हे ओळखायला दोन गटांची काटेकोर तुलना लागते. तशी तुलना थोड्याच अभ्यासांत आहे. २०१६ मध्ये लकव्यानंतरच्या अ‍ॅक्युपंक्चरचे ३१ अभ्यास, एकूण २,२५७ रुग्ण, एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा होता : फायदा होऊ शकतो, गंभीर अपाय दिसला नाही, पण अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. त्यामुळे सर्वांना ही पद्धत सुचवावी इतका पुरावा नाही.

थोडक्यात, सुया जोड म्हणून चालतील. मुख्य उपचारांच्या जागी नाहीत.

जाण्याआधी हे पाहा

• लकव्याचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सुई टोचणाऱ्याला आधी सांगा. हृदयात पेसमेकर असेल किंवा फिट येत असेल तर तेही सांगा. पेसमेकर असलेल्याने विजेच्या सुया घेऊ नयेत.
• सुई नवी, पाकीटबंद, एकदाच वापरायची हवी. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. वापरलेल्या सुईतून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतात. विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.
• महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.
• "गोळ्या बंद करा, सुयांनीच बरं करतो" म्हणणाऱ्याच्या दारातून लगेच परत फिरा. बीपीची गोळी बंद करणं म्हणजे दुसऱ्या लकव्याला बोलावणं.
• कर्ज काढून, डोरलं गहाण ठेवून सुया घेऊ नका. परवडत असेल तर महिना-दीड महिना करून पाहा. सुरुवातीला वहीत लिहा : सुटे पैसे मोजता येतात का, गोळी आठवते का, नातवंडांची नावं सांगता येतात का. शेवटी पुन्हा तपासा. फरक नसेल तर थांबा.

घरात बिनपैशाचं काय करता येईल?

बीपी आणि साखर ताब्यात ठेवा. तंबाखू, मिश्री, बिडी बंद करा. गोळ्या वारांच्या डबीत भरा. चष्मा, काठी, चपला रोज एकाच जागी ठेवा. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर लावा आणि सकाळी आजची तारीख त्यांच्याकडूनच वाचून घ्या. भाजी निवडणं, सुटे पैसे मोजणं, जुने फोटो पाहून नावं सांगणं, असं थोडं थोडं रोज करून घ्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा. गॅसजवळ एकटं सोडू नका. माणूस गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर उदासीचीही तपासणी करून घ्या. तिच्यावर उपचार झाला की डोकंही बरं चालू लागतं.

आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, यातलं काहीही अचानक दिसलं तर १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. तोवर ना सुया, ना मालीश, ना भगत. थेट मोठं हॉस्पिटल.

आजोबांना ओरडू नका. ते विसरतात, पण आवाजातला राग त्यांना कळतो.