पाण्याची वेळ, शिशाची जागा

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन धक्क्यावर गरवायला बसायचं मनात असेल, तर रॉडच्या किमती नंतर बघा, आधी पंचांग बघा. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या पंधरावी तिथी, तेव्हा पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास. भाऊबीजेच्या द्वितीयेला दीड. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहा. थोडं मागेपुढे होतं, पण गरवायला एवढा हिशेब पुरतो. पाणी हलतं असताना मासा खातो, म्हणून भरती पुरी होण्याआधीचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा तासभर सोडू नये. मधल्या थांबल्या पाण्यात डबा उघडावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ फार, हलकं शिसं ठरत नाही. नवख्याला अष्टमीचा भांग बरा. ओढ कमी आणि भरती नेमकी उजाडताना.

धक्क्याचा फायदा हा की खोल पाणी पायाखालीच असतं. खांबांना कालवं धरतात, त्यांच्या आडोशाला बारके मासे राहतात आणि त्यांच्या मागावर तांबोशी, गोबरा येतात. तरी नवखा माणूस हटकून लांब फेकतो! बाटलीला गुंडाळलेलं ०.४० मिलिमीटरचं तंगूस, ३० ते ६० ग्रॅमची शिशं, फिरक्या आणि पाकीटभर गऱ्या एवढ्यावर सुरुवात होते. तंगूस बोटांना मात्र गुंडाळू नका, मोठा मासा लागला तर बोट कापतं. रॉड-रीळ हौस टिकली तर घ्या.

तळ रेताड असेल तर सरकतं शिसं लावा. भोकाचं शिसं तंगुसात ओवायचं, खाली मणी, मग फिरकी आणि तिच्यापुढे दीड-दोन फुटांवर गरी. माशाने आमिष उचललं की तंगूस शिशातून सरकतं, त्याला वजन जाणवत नाही. खडकाळ तळावर उलटं करा: शिसं टोकाला आणि गऱ्या त्याच्या वर, आखूड फाट्यांवर. शिसं बांधायला बारीक, कमजोर दोरा घ्या. अडकलं तर तेवढंच तुटतं, गऱ्या वाचतात. बोय, काळुंदर अशा वरच्या पाण्यातल्या माशांना बुचाखाली लहान गरी पुरे.

सगळा खेळ गाठीचा आहे. तंगुसाचं टोक गरीच्या डोळ्यातून काढा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून घाला आणि तयार झालेल्या मोठ्या फासातून परत ओवा. थुंकीने ओलं करून सावकाश आवळा. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच तुटते.

आमिषाला ताजी कोळंबी. शेपटीकडून ओवा, गरीचं टोक जरा बाहेर राहू द्या. शिंगाळा आला तर आधी फडकं टाका: पाठीवरचा आणि बाजूच्या परांचे काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टर गाठा. फुगणारा केंड परत पाण्यात सोडा, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

बंदरात गरवायला मनाई असेल तिथे बसू नका, प्रवासी होड्यांची वाट अडवू नका. आणि तुटलेलं तंगूस गोळा करून घरी आणा. बगळ्यांच्या पायात अडकतं ते हेच.